अडलेल्या गियरची आणि सरसाबाईंच्या संतापाची बखर

श्री. वाटेच्या आईस नमन, वळणावरील म्हसोबास नमन, ऐकणारांचे कान शाबूत असोत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी, विजयादशमीचे सुमुहूर्ती एका डोंगरी राज्यात, ज्याचे नाव घेणेचे कारण नाही, वज्रचुडेमंडित सरसाबाई यांणी नवी कोरी मोटारसायकल दारी आणिली. बाई गुरांस लस टोचणाऱ्या. घाटापलीकडील वाड्यांची चाकरी त्यांस नुकतीच मिळाली होती, आणि पशुखात्याचे सुभेदार बोलिले होते की, लस बर्फात असते, बर्फाचे पाणी जाहले की लस मातीमोल; वेळेत पोहोचाल तर चाकरी तुमची, नाही तर दुसरा पाहू. यजमान बोटीवर, परमुलखी. सबब ही लोखंडी घोडी बाईंनीच हाकावी ऐसे ठरले. मग सासूबाई, ज्यांस बाई आत्याबाई म्हणत, यांणी पूजा केली, चाकाखाली लिंबू ठेविले, लाल फडक्यात नारळ बांधोन दिव्याखाली टांगिला आणि डाव्या मुठीवर, क्लचचे दांडीआड, लाल नाड्याचे वेढ्यावर वेढे घालोन ओवी म्हटली:

लाल नाडा बाई, बांधिते सातपदरी
लेकीवाणी सून माझी, येऊं दे गं सुखे घरी

आणि मग त्या घोडीने जो छळ मांडिला तो काय सांगावा! पहिला गियर टाकिता खडाड करोन दात खाई, दुसरा पडता पडेना, न्यूट्रल शोधो जाता सापडेना, क्लच दाबोन उभी करावी तो ढुशी देवोन पुढे जाई आणि बंद पडे. घाटात डावे वळण आले की हँडल मध्येच अडे आणि घोडी दरीचे अंगास धाव घेई. बाई घामाघूम जाहल्या, दोन वेळा बर्फ वितळला, दोन वेळा लस फेकिली, आणि सुभेदारांचा निरोप आला की, येता सोमवार शेवटला.

मग बाई शहरी शोरूमास गेल्या. तेथील कारभारी पंख्याखाली बसोन बोलिले, "मॅडम, नवी गाडी आहे, हजार किलोमीटर पळू द्या, आपोआप मोकळी होईल. आणि जमलं तर साहेबांनाच पाठवा." बाई बोलिल्या, "साहेब बोटीवर आहेत. गाडी मी चालवते. खोट कुठं आहे ती सांगा." मग कारभारी यांणी ऑइल बदलविले, चेन ताणविली, टायरांतील हवा पाहविली, नाड्यास पाहोन हात जोडिले आणि घोडी परत दिली. खोड जैसी होती तैसी.

घरी दीर फत्तेसिंगराव. यांचे चित्त पहिल्या दिवसापासोन त्या घोडीवर. सर्वांदेखत चावडीपुढे मांड टाकीत, मूठ चाचपीत, आणि काय चमत्कार, यांचे हाती गियर पाण्यात खडा पडावा तैसे अलगद पडत! सपाटीवर दोन फेऱ्या मारोन उतरत आणि मिशीस पीळ देत बोलत, "वहिनी, गाडीला काय धाड भरलीय? बाईमाणसाचा हात तिला पटत नाही. तुम्ही स्कुटी घ्या, ही मला द्या." चावडी हसे. एक म्हातारे बोलिले, "भाकरी थापायचा हात तो, क्लच कुठनं दाबायचा!" बाईंचे मस्तकी तिडीक उठे. आपलाच हात उणा की काय ऐसा किंतु मनात शिरे, आणि किंतु शिरला म्हणोन संताप दुणावे. तरी प्रातःकाळी नाड्यास हळदकुंकू वाहोनच निघत.

सोमवारी लस घेवोन बाई घाटात शिरल्या. डावे वळण आले, हँडल अडले, गियर उतरेना, आणि पुढले चाक कठड्यास जावोन धडकले. खाली दरी आ वासोन. बाई उतरल्या, आणि घोडीस, शोरूमास, चावडीस आणि स्वतःचे मुठीस ज्या शिव्या दिधल्या त्या लिहिणे शोभत नाही. झाडावरील माकडे गप्प जाहली. राग ओसरला नाही, परंतु रागाने डोळे लख्ख जाहले. मग बंद घोडीचे हँडल हळू डावीकडे वळविले, तो लाल फडक्यातला नारळ झुलोन हँडलाचे आणि सांगाड्याचे खाचेत जावोन बसलेला! क्लच हळू दाबिला, तो दांडी नाड्याचे वेढ्यांवर टेकोन थांबली, मूठ दोन बोटे दूर राहिली. अर्धा क्लच, मग गियर पडावा कैसा! सर्वांनी पाहिले आणि कोणास दिसले नाही, कारण ज्यास हात जोडावे त्यावर संशय कोण घेतो? बाईंनी नाड्यास एकवार हात जोडिले, मग औषधाचे पेटीतील कात्रीने नाडा कापिला, नारळ कठड्यावर आपटोन फोडिला आणि मांड टाकिली. गियर निमूट पडले, वळणे निमूट वळली, बर्फ शाबूत असता लस वाड्यांस पोहोचली.

दिवस कलता बाई चावडीपुढे आल्या. आत्याबाई आणि फत्तेसिंगराव तेथेच बसलेले; आत्याबाईंची नजर मुठीवर गेली. "सरसे, नाडा कुठाय गं?"

"कापला, आत्याबाई. क्लच त्याच्यावरच अडत होता."

फत्तेसिंगराव उसळोन बोलिले, "पूजेचा नाडा कापला? काय अभद्र बाई ही! कापायचं काय काम होतं? जरा बाजूला सरकवला की दबतोय की..." आणि जीभ चावली.

चावडीत कोणी हसेना. बाई सावकाश बोलिल्या, "म्हणजे भावजी, चढताना तुम्ही सरकवत होता. आणि उतरताना परत जागेवर आणत होता."

"अहो, गंमत वहिनी..."

"दोनदा लस गेली माझी. आज चाक कठड्यावर होतं. ही गंमत?"

तो आत्याबाई उठल्या. "फत्त्या, मी तिला राखायला नाडा बांधला आणि तू त्याचा फास केलास. सरक, वाट सोड." आणि पदर खोचोन, सुनेचे खांद्यास धरोन, जन्मात प्रथमच मोटारसायकलीवर मागे बसल्या. "चल गं. इथं उभं राहवत नाही मला." बाईंनी पहिला टाकिला. आवाज म्हणोन जाहला नाही.

एवंच, घोडी निर्दोष, हात निर्दोष, चाकरी कायम जाहली. फत्तेसिंगराव यांणी पुढे क्षमा मागितली, ती बाईंनी ऐकोन घेतली, दिधली नाही. घडले ते लिहिले, कोणास झोंबले तर झोंबो.