टेस्टिंग बाकी आहे

माझ्या नाकाला खाज सुटली आणि मी भाजीवालीला उडवलं. खऱ्या नव्हे, सदाभाऊंच्या कॉम्प्युटरमधल्या. मी तरी काय करणार? दोन्ही हात टॉवेलने खुर्चीला बांधलेले, तोंडावर वेल्डरचा मुखवटा आणि हनुवटीखाली एक दांडी.

"रिजेक्ट!" सदाभाऊ कानाशी ओरडले.

सदाभाऊ माझे शेजारी. सातपूरच्या एका कारखान्यात माल तपासण्यात जन्म गेला, त्यामुळे चहापासून माझ्या जावयापर्यंत सगळं रिजेक्ट. एका जागी बसणं माहीतच नाही. चहा उभ्याने, पेपर येरझाऱ्या घालत. व्हीआरएस घेऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला, टेपने कॉलनी मोजली आणि गेटपासून कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंतचा अख्खा रस्ता कॉम्प्युटरमध्ये उभा केला, स्पीडब्रेकरजवळ झोपणाऱ्या कुत्र्यासकट. मुखवट्याच्या आत दोन छोटे स्क्रीन. मान वळवली की रस्ता वळायचा.

हे सगळं आक्कांसाठी. आक्का त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, त्यांनीच सदाभाऊंना वाढवलं. दोघांनीही लग्न केलं नाही. जिन्यावरून पडल्यापासून आक्कांना मानेखाली काही हलवता येत नव्हतं, स्पर्शही कळत नव्हता. रोज संध्याकाळी सदाभाऊ त्यांची खुर्ची ढकलत कोपऱ्यापर्यंत नेत. आक्कांना एकच हवं होतं, तेवढं अंतर स्वतःचं स्वतः जायचं.

नळीत फुंकून, मान झुकवून किंवा हनुवटीने दांडी हलवून, अशा मोटरची खुर्ची चालवायच्या तीन तऱ्हा आणि त्या तपासायला आम्ही कॉलनीकर. फुंकता फुंकता वाणीकाकांना ठसका लागला, ते थेट गटारात. दोन वर्षं हेच चाललं होतं.

"अहो, आक्कांना कधी बसवणार?"

"टेस्टिंग बाकी आहे!"

शेवटी माझं डोकं फिरलं. आक्कांसमोरच म्हणालो, "कसलं टेस्टिंग? खाज सोडली तर दांडी मलासुद्धा जमली!"

"तो भितोय हो," आक्का शांतपणे म्हणाल्या. "मी चालवायला लागले, तर संध्याकाळी हा करील काय?"

सदाभाऊ उगाच खिडकीची कडी काढ-घाल करत राहिले.

"बाळ्या, बसव मला," आक्कांनी भावाला फर्मावलं.

मुखवटा चढला. दांडी हनुवटीखाली आली. मी समोरच्या स्क्रीनवर बघत होतो. गेट गेलं, कुत्रा गेला, स्पीडब्रेकर गेला, कुठे धक्का नाही. भाजीवालीच्या चार हात अलीकडे आक्का थांबल्या.

"काय झालं? दांडी अडकली?" सदाभाऊ धावले.

"नाही रे." आक्का मान वळवून वळवून बघत होत्या. "यात तू कुठेच दिसत नाहीस. थांबलेय मी. तू ये, मग जाऊ."

मुखवट्यामुळे आक्कांना दिसलं नाही, मला दिसलं. सदाभाऊ खाली बसले, फरशीवर. आक्कांच्या, स्पर्शही न कळणाऱ्या पावलावर हात ठेवला.

"आलो, आक्का," ते म्हणाले.