चाकाला कोण हाय?

लातुरात कुणी शिडीवर चढलेलं दिसलं की आमचे घरमालक संभामामा भर रस्त्यात सायकल उभी करतात. परवा एक मांडववाला विजेच्या माळा बांधत होता. मामांनी खालून आवाज दिला, "उतर! चाकाला कोण हाय?"

"मामा, ह्या शिडीला चाकंच न्हाईत."

"मंग तर आधी उतर!"

तो काही उतरला नाही. शेवटी माळा बांधून होईपर्यंत मामाच शिडी धरून उन्हात उभे.

मी बिलोलीकडचा. सातवीतून शाळा सोडली, आता इथं डाळमिलीत पोती शिवतो. खोली मागायला आलो तेव्हा जामीन विचारतील म्हणून गावातली दोन नावं पाठ करून आलो होतो. मामांनी विचारलं एवढंच, "जेवलास का?" ते मी विसरत नाही.

मामा आगीच्या बंबावर नोकरीला होते. ते लागले तेव्हा तिथं एक जुनी लाकडी शिडी होती, तिला बैलगाडीएवढी दोन चाकं. बंबाच्या मागं लटकवून न्यायची, आगीपाशी उतरवायची आणि ढकलत भिंतीला भिडवायची. हे सांगताना मामा अंगणातली बाज ढकलून दाखवतात. "दोघं चाकाला. एकजण हँडल मारून शिडी उंच करणार. चौथा वर. चाक बोटभर सरकलं की वरचा खाली आलाच!"

"तुम्ही कितीदा चढलात, मामा?"

"म्या? म्या चाकाला. चढणाऱ्याला हार, आमची नुसती चड्डी भिजायची."

आख्ख्या नोकरीत मामा एकदाही वर चढले नाहीत. ते तिघं सोबती आता नाहीत. मामीही गेल्या. पोरगं पुण्याला, सणाला फोन करतं.

मागच्या महिन्यात नांदेडच्या एका मिलीतून मला बोलावणं आलं. तिथून गाव जवळ, बायको आणि लेक जवळ. मामांना सांगायला मला आठ दिवस लागले. सांगितलं तर "बरं" म्हणाले, आणि भाकरी अर्धी ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी मिलीतून आलो तर भिंतीला शिडी, आणि मामा माझ्या खोलीच्या पत्र्यावर. हातात डांबराचा डबा. खाली कुणी नाही.

पत्रा माझ्या उशापाशी गळायचा. मामांना राग येईल म्हणून मी कधी बोललो नव्हतो, गुपचूप पातेलं ठेवायचो. ते त्यांनी बघितलं असणार.

मी पळत जाऊन शिडी धरली. मामा एकेक पाय चाचपत उतरले. माझ्याकडं न बघता हाताचं डांबर खरवडत म्हणाले,

"जायचं तर जा, गड्या. लेकरू हाय तुझं तिकडं. पर गळतंय म्हणून जाऊ नको."