भिंगकाकांच्या खुर्चीतले अश्रू

भिंगकाकांचं म्हणणं असं, की माणूस एकदा त्यांच्या खुर्चीत बसला की त्याची सात पिढ्यांची माहिती त्यांना डोळ्यांतून कळते. "मशीन-बिशीन नवशिक्यांना लागतं," ते सांगत. "मी नुसतं समोर वाकून बघतो. डोळा माझ्याशी खोटं बोलूच शकत नाही!"

वाकून बघणं ही त्यांची खासियत होती. चष्म्याच्या दुकानामागे त्यांची तपासणीची अंधारी खोली होती. ती इतकी अरुंद, की खुर्ची मागे सरकायची नाही आणि गिऱ्हाईकाला पुढून उठता यायचं नाही. काका गिऱ्हाईकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवत, तीत एकेक भिंग घालत आणि वीतभर अंतरावरून विचारत, "हे बरं, की हे बरं?"

यंदा बस डेपोतल्या सगळ्या ड्रायव्हरांचे डोळे तपासायचं काम त्यांना मिळालं होतं. मिळालं म्हणजे काय, चौकातल्या झगमगीत नव्या दुकानाच्या घशातून त्यांनी ते ओढून काढलं होतं. हे काम टिकलं तर दुकान टिकणार, नाहीतर शटर ओढून घरी बसायचं, हे काकांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी कंबर कसली. रक्तदाबासाठी रोज सकाळी उपाशीपोटी कच्च्या लसणाच्या पाकळ्या चावायच्या. पोट सुटलंय म्हणून न्याहारी बंद. आणि पाणीही बंद! कारण दुकानाला स्वच्छतागृह नव्हतं, ते होतं मागच्या इमारतीत, आणि रांगेतलं गिऱ्हाईक सोडून तिकडे धावणं काकांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"अहो, पाण्याची बाटली राहिली!" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"नको!" काका बाहेरच्या दारातून ओरडले. गेली कित्येक वर्षं त्यांचा संसार असाच मोठ्या आवाजात, पण गुण्यागोविंदाने चालला होता.

पहिला आला तो मिशीवाला ड्रायव्हर. चांगला धिप्पाड गडी. काका वाकले. "हे बरं, की हे बरं?"

मिशीवाल्याचं डोकं मागे जात जात भिंतीला टेकलं. "बरं आहे."

"अहो, पण कुठलं?"

"दोन्ही!"

"दोन्ही कसं असेल? घाई करू नका, नीट बघा." काका आणखी थोडे जवळ सरकले.

"पहिलं! पहिलं एकदम झकास! झालं ना?" मिशीवाल्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सासरी निघालेल्या मुलीच्या बापालाही एवढं येत नसेल.

दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याने तर काका वाकायच्या आतच सांगितलं, "पहिलं!" काका मनातून खूश झाले. अनुभवी हात पडला की काम कसं झटपट होतं! फक्त हे डोळ्यातलं पाणी त्यांना खटकत होतं. एका माणसाचं असतं तर गोष्ट वेगळी. इथे अख्खा डेपो रडत होता. काकांनी निदान केलं, डिझेलचा धूर. प्रत्येकाच्या हातात त्यांनी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली ठेवली आणि वर सल्ला दिला, "गाडीमागे उभं राहू नका."

चौथा ड्रायव्हर सभ्य होता. त्याने खिशातून पेपरमिंटची गोळी काढून अदबीने काकांपुढे धरली. "घ्या ना काका."

काकांना भरून आलं. काय ही माणसं! दिवसभर रस्त्याची धूळ खातात आणि मन केवढं मोठं! ही माया अशी एकट्याने तोंडात टाकून संपवणं काकांच्या जिवावर आलं. त्यांनी गोळी खिशात जपून ठेवली, पेपरमिंटची बरणीच विकत आणली आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकापुढे ती धरू लागले. "आधी एक तोंडात टाका. मग आपण जवळून बघू."

ही बातमी डेपोत पोचली.

"म्हणजे वास आपल्या तोंडाला येतो?" मिशीवाल्याने विचारलं.

"तज्ज्ञ माणूस आहे. उगाच म्हणेल का?" सभ्य ड्रायव्हर घाबरून म्हणाला.

झालं! डेपोतल्या नळावर रांग लागली. कुणी जीभ घासतंय, कुणी गुळण्या करतंय, कुणी ओंजळीत फुंकून शेजाऱ्याला विचारतंय, "येतो का रे?" सकाळच्या गाड्या उशिरा सुटायला लागल्या. अशात चष्मे तयार होऊन आले. मिशीवाल्याने चष्मा लावून डेपोच्या आवारात पाऊल टाकलं आणि जमीन खोल वाटली म्हणून तिथेच खाली बसला. सभ्य ड्रायव्हरने पाण्याच्या टाकीला वाकून नमस्कार केला, कारण त्याला ती मॅनेजरसाहेबांसारखी वाटली. साहेब मागेच उभे होते.

साहेब तडक काकांच्या दुकानात आले. "एकाही माणसाला धड दिसत नाही! जुने चष्मे होते म्हणून गाड्या तरी चालल्यात. आजच्या आज काम चौकातल्या दुकानाला देतो."

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. "साहेब, एकदा स्वतः खुर्चीत बसून बघा. माझ्या तपासणीत चूक निघाली तर मी आपणहून शटर ओढतो."

साहेब बसले. काका वाकले. काळजीने त्यांच्या तोंडाला आणखीच कोरड पडली होती. "हे बरं, की..."

"थांबा!" साहेबांनी फ्रेम काढली आणि रुमाल नाकाला लावला. माणसांना तोंडावर बोलण्याचाच त्यांना पगार मिळत होता. "काका, तुमच्या तोंडाला भयंकर वास येतो. माझी माणसं भिंगं बघत नव्हती हो, जीव वाचवत होती!"

काकांना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. त्यांनी ओंजळीत फुंकून बघितलं. त्यांना काहीच कळलं नाही.

"स्वतःचा स्वतःला कळत नसतो," साहेब थोडे मऊ झाले. "वर दातांचे डॉक्टर आहेत. दाखवून या. एक आठवडा देतो."

दातांच्या डॉक्टरांनी आत बघितलं आणि मास्क वर ओढून घेतला. "दात ठीक आहेत. पाणी किती पिता?"

"कामावर असताना पीत नाही."

"न्याहारी?"

"बंद केली."

"जीभ घासता?"

"जीभ कशाला घासायची?"

"आणि हा लसूण?"

"तो तब्येतीसाठी."

डॉक्टर बोटांवर मोजू लागले. "पाणी पीत नाही म्हणून तोंड कोरडं. कोरड्या तोंडात वास धरतो. पोट रिकामं, जिभेवर थर आणि वर कच्चा लसूण. काका, यातलं एखादं तरी कारण तुम्ही दुसऱ्यासाठी ठेवायचं होतं!"

आठवडाभर काका पाणी प्यायले, त्यांनी न्याहारी केली, जीभ घासली आणि लसूण फोडणीपुरता ठेवला. दुकानाच्या दारावर 'लगेच येतो' अशी पाटी लावून ते मागच्या इमारतीत बिनधास्त जाऊ लागले. मग सगळ्या ड्रायव्हरांना त्यांनी पुन्हा बोलावलं, माफी मागितली आणि पदरचे पैसे घालून नवे चष्मे करून दिले. या वेळी एकाचंही डोकं मागे गेलं नाही. साहेबांनी तपासणीचं काम काकांकडेच ठेवलं. काका त्यांच्यादेखत रडले, 'डिझेलचा धूर' म्हणाले आणि साहेबांनी ते कारण मान्य केलं.

संध्याकाळी काका घरी आले ते थोडे घुश्शातच. "सगळ्या डेपोला कळलं. तुला माहीत नव्हतं? सांगायचं नाहीस का?"

"मला कसं कळणार?" काकू शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही दारातून ओरडता, नाहीतर बाहेरच्या खोलीतून. माझ्यासमोर बसून शेवटचं कधी बोललात?"

काकांनी आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. मग फार वाईट वाटलं. ते मुकाट्याने उठले, स्टूल ओढून काकूंच्या समोर, अगदी वीतभर अंतरावर बसले.

काकूंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. गालातल्या गालात हसल्या. "बोला."

काकांनी घसा खाकरला. खूप विचार केला. शेवटी म्हणाले, "गॅस बंद केलास?"

"केला," काकू म्हणाल्या. "पण हे तुम्ही तिकडून ओरडला असता तरी चाललं असतं!"