तेरा पत्र्यांची लढाई

श्रीविश्वकर्मा प्रसन्न. वाचकांचे सेवेसी विदित व्हावे जे, वसई प्रांती, कामण-चिंचोटीचे वाटेवर, सरोजिनीबाईसाहेब यांचा पत्रे कापावयाचा कारखाना नांदतो. तेथील लेझर यंत्राचे सुभेदार शांतारामराव जूचंद्रकर, उमर अठ्ठावन्न, चष्मा जाड. ठिणग्या सरळ खाली गेल्या तर काप आरपार, वर उसळल्या तर पत्रा फुकट, ही विद्या सोळा वर्षे त्यांचे एकट्याचे मुठीत होती, आणि तिचा तोरा केवढा म्हणून सांगावा!

ऐसियास आश्विन मासी बाईसाहेबांनी एक सेन्सर आणविला. नखाएवढी काच, तीतून कापाचा उजेड न्याहाळावा, आणि काप बिघडताच भोंगा वाजवावा, ही त्याची चाकरी. त्याची वकिली करावयास कंपनीकडोन उन्नती नामे इंजिनियर आली. शांतारामरावांनी ताडले, की आता आपली रवानगी ग्राइंडिंगच्या धुळीत! मग हुजुरातून फर्मान सुटले जे, दसरा उलटताच बारा पत्रे कापावे, दर पत्र्यास दोघांनी निवाडा द्यावा, आणि हरेल त्याने यंत्र सोडावे.

खंडेनवमीस यंत्राची पूजा जाहली. रावांनी वैर बाजूस ठेविले. "दुश्मन झाला म्हनून काय झाला, हत्यारच हाय ना त्यो?" ऐसे वदोन त्यांनी सेन्सरासही हळदकुंकू वाहिले, आणि हात सढळ, सबब भरपूर वाहिले.

मग रणदिनी पहिला पत्रा लागला. राव म्हणाले आरपार, सेन्सराने भोंगा फुंकला, आणि पत्रे वाकवावयाच्या यंत्रावरील कारागीर मेलरॉय याने तुकडा उचलून पाहिला तो अलगद सुटला. ऐसे अकरा वेळां जाहले. कामगार शिट्ट्या मारो लागले, उन्नतीचा चेहरा उतरला, आणि बाईसाहेबांनी सेन्सर खोक्यात घालावयाचा हुकूम दिला. राव मोठ्या उमेदीने स्वहस्ते त्याचे स्क्रू सोडवावयास गेले, आणि पाहतात तो काचेवर कुंकवाचा जाड थर, वर आपल्याच अंगठ्याचा ठसा! अरे देवा, आंधळ्याला मारून मर्दुमकी गाजविली की काय! रावांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. गप्प बसते तर यंत्र त्यांचेच राहते, कोणी पाहिले नव्हते. पण मनास पटेना. त्यांनी रुमालाने काच पुसली, सर्वांदेखत कबुली दिली, आणि बारावा पत्रा लावविला.

राव म्हणाले आरपार. भोंगा वाजला. मेलरॉयने तुकडा ओढला, आणि एक कोपरा काही केल्या सुटेना. 

बाईसाहेबांनी पुशिले, बिघाड कशाचा? सेन्सरास भोंगा ठावा, कारण नाही. उन्नती पडद्यावरील आलेख चाळो लागली. तो रावांनी वाकोन यंत्राचे तोंड चाचपिले, म्हणाले, "नोझल झिजलाय." मग तो बदलिला, आणि तेरावा पत्रा लागला तो भोंगा गप्प, आणि तुकडा आपसूक खाली पडला.

मग फर्मान जाहले जे, बिघाड सेन्सराने सांगावा, इलाज रावांनी करावा, आणि दोघांनी यंत्रावर कायम राहावे. उन्नतीने नोंदवहीत लिहिले, 'फत्ते: सेन्सर व शांताराम.' रावांनी चष्मा वर सारोन ते दोनदा वाचिले.

"त्याचा नाव र्‍हाऊ दे," ते म्हणाले, "पन माज्या खाली लिव."

तैसी दुरुस्ती करोन फत्ते दफ्तरी दाखल केली.