कप्पीला टांगलेली मशीन

"हमाल? हमाल कशाला हवेत?" मास्तरांनी चहाचा कप असा आपटला, की बशी दचकली. "एक कप्पी, एक दोरी आणि गतीचे नियम! दुसऱ्या चहाच्या आत काम फत्ते!"

जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस असं बोलला, की मंडळी, ओळखावं: घरात आता काहीतरी गतिमान होणार!

प्रश्न होता सासूबाईंच्या शिवणयंत्राचा. लेक कधीची विनवत होती, "आई, एकटी राहू नकोस, ये आमच्याकडे." आणि आईचं एकच पालुपद, "माझी मशीन उजेडात बसेल, तिथे मी बसेन." शेवटी एकदाची ती माउली कबूल झाली! मशीन टेम्पोतून आधीच येऊन पोचली होती, मागोमाग सासूबाई आज यायच्या होत्या. मास्तरांनी ठरवलं, उजेड वरच्या खोलीतला उत्तम. पण वर जाणारा जिना इतका अरुंद, की खुद्द मास्तर पोट आत घेऊन चढत!

"हे बघा," बायकोनं बजावलं, "मशीनला काही झालं ना, तर आई आल्या पावली परत जाईल. पुन्हा नाही यायची ती!"

"अगं, मी आहे ना!"

"म्हणूनच सांगतेय."

मदतीला मेहुणा आला, बायकोचा मावसभाऊ. त्याची बेकरी होती. मैद्याची पोती उचलून उचलून दंड असे फुगलेले, की शर्टाच्या बाह्या जीव मुठीत धरून राहत.

मास्तरांनी बेत समजावला. वरच्या गॅलरीच्या तुळईला कप्पी. कप्पीवरून दोरी. दोरीच्या एका टोकाला अंगणातली मशीन, दुसऱ्या टोकाला मास्तरांच्या जुन्या पुस्तकांची लोखंडी ट्रंक, तीही वरच्याच खोलीत. मेहुण्यानं ट्रंक खोलीत आत आत ओढायची, की मशीन वर वर येणार. थांबलं, की ट्रंक फरशीला घासून आपोआप ब्रेक लागणार!

"आता दोरीचं वजन शून्य धर," मास्तर म्हणाले.

मेहुण्यानं दोरी हातात तोलली. "शून्य कसं धरू, भाऊजी? चांगली जड आहे की!"

"धर म्हणजे समज रे!"

"समजलं. पण धरू कुठे?"

"हे बघ," मास्तर वैतागले, "तू डोकं चालवू नकोस. माझ्या तोंडातून शब्द निघाला, की तेवढा करायचा. का म्हणून विचारायचं नाही!"

मेहुणा श्रद्धाळू. त्यानं मान डोलावली. इतका निर्मळ भाव देवापुढे ठेवला असता, तर देव पावला असता. इथे पुढ्यात मास्तर होते.

काम सुरू झालं. वर मेहुणा ट्रंक ओढतोय, खाली मशीन नव्या नवरीसारखी हळूहळू जमीन सोडतेय! ती गॅलरीच्या उंचीला पोचली, तेवढ्यात ट्रंक जराशी मागे सरकली. आई येणार म्हणून लेकीनं वरची फरशी घासूनपुसून अशी चकचकीत केली होती, की माशीसुद्धा धावत आली तर घसरावी!

"ट्रंकेवर बस!" खालून मास्तर ओरडले. "वजन वाढलं, की घर्षण वाढतं!"

मेहुणा बसला. ट्रंक थांबली. मशीन गपगार लटकली.

आता मास्तरांनी वर जाऊन मशीन आत ओढून घ्यायची, एवढंच राहिलं होतं. पण फाटकाशी गर्दी जमलेली! इस्त्रीवाला, शेजारच्या काकू, दूधवाला. समोर श्रोते दिसले, की मास्तरांच्या पायांना ब्रेक लागे आणि जिभेचा सुटे.

"सांगा बरं, मशीन खाली का येत नाही?"

"बांधलीय म्हणून," इस्त्रीवाला म्हणाला.

"चूक! ट्रंक आणि मशीन एकाच दोरीनं जोडलेल्या. ही हलेल तशीच ती हलेल. मग या ट्रंकेला जागेवर ठेवणारं बळ किती?" मास्तर रंगात आले. उजवा हात उंच गेला, आवाज गच्चीपर्यंत पोचला. "चला, उदाहरण सोपं आहे! सोडवा!"

वर मेहुण्याच्या कानी एवढाच शब्द पडला. सोडवा! 'मला अहो-जाहो? चारचौघांत मान दिला भाऊजींनी!' बिचारा गहिवरला. का म्हणून विचारायचं नव्हतंच. तो ट्रंकेवरून उठला.

ट्रंक निघाली! चकचकीत फरशीवरून सुसाट गॅलरीकडे! आणि इकडे मशीन खाली!

"बस! बस! बस!" मास्तर किंचाळले.

"बस कुठाय?" दूधवाल्यानं रस्त्याकडे पाहिलं.

मेहुण्यानं मात्र धावत जाऊन उडी ठोकली, पोट ट्रंकेवर, पाय हवेत! वजन वाढलं, घर्षण वाढलं, ट्रंक कुरकुरत मंदावली आणि कठड्याच्या तोंडाशी थांबली. खाली मशीन जमिनीपासून वीतभर वर येऊन डुलत राहिली. नियम अगदी तंतोतंत खरा ठरला. टाळी मात्र कुणी वाजवली नाही, कारण त्याच वेळी फाटकातून पिशवी घेऊन सासूबाई आत येत होत्या.

लेकीनं पदर तोंडात धरला.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "अगंबाई! मला घ्यायला मशीन खाली आली वाटतं?"

त्यांनी जवळ जाऊन चाक फिरवलं. टकटकटक, सुई सुरेख नाचली. ओरखडासुद्धा नव्हता! लेकीनं तोंडातला पदर सोडला. मास्तरांनी मनातल्या मनात हात जोडले.

"आई, ती वरच्या खोलीत ठेवत होतो," लेक म्हणाली. "उजेड छान आहे तिथे."

"वर? अगं, माझे गुडघे बघ! जिना चढवतो का मला?" सासूबाईंनी पुढच्या खोलीत डोकावून मास्तरांच्या खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "तिथे लख्ख उजेड आहे की. आणि जावईबापू, मशीन कप्पीनं चढवलीत, मग मला कशी चढवणार होता?"

सगळे हसले. हा विनोद आहे, हे मास्तर सोडून सगळ्यांना कळलं.

मास्तरांनी कप्पीकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं, मग सासूबाईंना नीट आपादमस्तक न्याहाळलं आणि अत्यंत आदरानं विचारलं, "तुमचं वजन साधारण किती भरेल?"

सासूबाई आता आनंदानं खालीच राहतात. वरच्या खोलीत सध्या कोण झोपतं, ते काही मी सांगत नाही.