अंबादासचा फ्रिज

परतूरला आमच्या गल्लीत दिवाळीचा बोनस हातात पडला की कोणी मिक्सर आणायचं, कोणी कपाट. अंबादास भाड्यानं जीप आणायचा. बायकोला, सुभद्राबाईंना, ड्रायव्हरशेजारी बसवायचा आणि आपण मागं बसायचा. ड्रायव्हर संकोचून म्हणायचा, "मालक, तुम्ही पुढं या." त्यावर हा म्हणे, "मालक पुढंच बसले न्हाईत का?"

जायचं कुठं, ते ठरलेलं नसायचं. कधी जांब समर्थ, कधी उसाच्या बैलगाड्या बघत अंकुशनगरच्या साखर कारखान्यापर्यंत. एकदा तर रस्त्यात लागलेल्या अनोळखी लग्नात दोघं आहेर करून, जेवून आले. मग आठवडाभर ते लग्न साऱ्या गल्लीला ऐकावं लागलं. नवरी कशी रडली हे सुभद्राबाई सांगत, आणि नवरदेव घोड्याला कसा भ्याला हे अंबादास करून दाखवी.

आम्ही दोघं एकाच आडतीवर मुनीम. माझ्या घरात सामानातून वाट काढत चालावं लागे. त्याच्या घरी पाहुणे आले की तो माझ्याकडून खुर्ची न्यायचा आणि परत देताना म्हणायचा, "घ्या दादा, तिलाबी फिरवून आणली."

"अरे, घरात चार वस्तू तरी कर," मी चिडायचो.

"वस्तूवर धूळ बसती, दादा. हिंडण्यावर बसती का? बिलकुल न्हाई."

आज हे लिहितोय, कारण गल्लीत एक खोटी गोष्ट पक्की झाली आहे. बायको गेली, मग अंबादास शहाणा झाला आणि घरात फ्रिज आला, असं लोक सांगतात. माझ्यासमोर सांगतात, आणि मी ऐकून घेतो.

फ्रिज सुभद्राबाई असतानाच आला. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच आपणहून ठिकाण सांगितलं होतं. हिवाळ्यात पैठणच्या धरणावर लांबून पक्षी येतात, ते त्यांना बघायचे होते. जीपही सांगून झाली होती. मी दोघांना समोर बसवून सुनावलं. "पक्षी काय, दर वर्षीच येतात," हे माझंच वाक्य. शेवटी त्याच म्हणाल्या, "दादा बराबर बोलून राह्यले. जाऊ की पुढच्या हिवाळ्यात." दुकानात मी बरोबर गेलो. रंगसुद्धा मीच निवडला.

उन्हाळ्यात त्या गेल्या.

अंबादासनं मला कधी एका शब्दानं टोचलं नाही. तेराव्याला मी मान खाली घालून बसलो होतो, तर हा पाहुण्यांना सांगत होता, "दादांनी चांगलं सुचवल्तं. शेवटी शेवटी तिला फक्त थंड पाणीच गोड लागायचं."

त्यानंतर त्यानं जीप कधी आणली नाही. यंदा मी सांगितली आणि त्याला म्हणालो, "चल, पैठणला जाऊ."

तो म्हणाला, "मला नका नेऊ, दादा. वहिनींना न्या. कुठं जायचं, असं त्यांना कधी विचारलं का तुम्ही?"

विचारलं नव्हतं.

सकाळी जीप दारात आली. माझी बायको पुढं बसायला लाजत होती. अंबादास आला. खांद्यावरचा रुमाल काढून त्यानं तिच्या बाजूची काच बाहेरून पुसली, मग दार उघडून आतूनही पुसली.

"बसा वहिनी," तो म्हणाला. "पक्षी कसे असतात ते नीट बघून या. आल्यावर मला सांगा."