दामूभाऊंची नीळ

दामूभाऊ राऊतांनी आयुष्यात मोकळ्या मनानं कुणाशी हात मिळवला असेल तर तो साबणाशी. माणसाशी नाही. तुम्ही नमस्कार केलात की ते दोन्ही हात पाठीमागे घेऊन नुसती मान हलवायचे. दार उघडायचं ते कोपरानं. आणि तुम्ही कितीही घाईत असा, आश्रमाच्या उंबऱ्यावर पाऊल टाकलंत की पहिला प्रश्न ठरलेला, "हात धुतले का?"

हा प्रश्न त्यांनी कुणाकुणाला विचारला म्हणून सांगू! टपालवाल्याला विचारला, डॉक्टरांना विचारला, एकदा तर ज्यांच्या पैशांवर आश्रम चालायचा त्या शेटजींनाच विचारला. शेटजी पेढ्यांचा पुडा घेऊन उभे, म्हातारी माणसं ओळीनं बसलेली, आणि दामूभाऊ हातात तांब्या घेऊन आडवे. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. पण शेटजींनी मुकाट्यानं हात पुढे केले. नंतर ते मला हळूच म्हणाले, "बाई, माझ्या घरचीसुद्धा मला असं दरडावत नाही हो."

आमचा आश्रम पालघर स्टेशनापासून शिरगावच्या वाटेवर, एका केळी-नारळीच्या वाडीत होता. ज्यांचं कुणी उरलं नाही, किंवा असून नसल्यासारखं झालं, अशी वीस-बावीस म्हातारी माणसं तिथं राहायची. मी त्यांचा स्वयंपाक आणि कोठी बघायची. तारापूरला वीजघराचं काम निघालं होतं, आमच्या भागातली तरणी माणसं तिकडं खडी फोडायला नाहीतर मुंबईला, आणि म्हातारे आमच्याकडे. दामूभाऊ आले ते सेवेकरी म्हणून. मूळचे शिरगावचेच, पण मुंबईच्या एका इस्पितळात बरीच वर्षं वॉर्डबॉय होते, एवढंच मला माहीत. सडसडीत, पन्नाशीला टेकलेले, बोटं सदा पाण्यात असल्यामुळे सुरकुतलेली.

आल्या आल्या त्यांनी प्रत्येक दाराशी लाल साबणाची वडी टांगली, तीसुद्धा मासळीच्या जुन्या जाळ्याच्या तुकड्यात बांधून, म्हणजे कुणी खिशात घालू नये. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या दांडी गावची एक कोळीण होती, जानकीबाय. ती म्हणाली, "दामू, या जाळ्यात काय घावतं रे?"

"जंतू," दामूभाऊ गंभीरपणे म्हणाले.

"मंग खायाला कसं लागतं?"

सगळी ओसरी हसली. दामूभाऊ हसले नाहीत. जंतू हा त्यांच्या लेखी थट्टेचा विषयच नव्हता. ते त्यांच्याबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं बोलायचे. "त्यांना पाय नसतात, वत्सलाताई," मला रोज एकदा तरी ऐकवायचे, "आपणच त्यांना खांद्यावर घेऊन गावभर हिंडवतो." मला मेलं काय, पोळ्या करताना कानावर पडायचं आणि दुसऱ्या कानानं जायचं.

हात किती वेळ चोळायचे यालाही त्यांचा हिशेब होता. सगळ्या नातवंडांची नावं घेऊन होईपर्यंत. जानकीबायला अकरा नातवंडं. तिचे हात धुवून होईपर्यंत माझं वरण उकळायचं. आप्पा जोशी ब्रह्मचारी. त्यांनी विचारलं, "मी काय करू?" दामूभाऊंनी त्यांना गावातल्या बैलांची नावं घ्यायला सांगितलं. आप्पा आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

हे आप्पा म्हणजे सोवळ्याचं शेवटचं टोक. पाणी प्यायचं ते वरून, भांड्याला ओठ लागता कामा नये. कुणाची सावली पडली तरी पाय आखडून घेणार. सकाळी देवाची पूजा तेच करायचे आणि सगळ्यांना पळीनं तीर्थ द्यायचे. साबणाला त्यांचा सक्त विरोध. "त्यात चरबी असते. माती काय वाईट आहे?" आणि मग, "आमच्या घराण्यात हे जंतूबिंतू कधी आले नाहीत."

श्रावण संपता संपता आश्रमात जुलाबाची साथ आली. आधी एक, मग तीन. दामूभाऊंनी विहिरीत औषध टाकलं, पाणी उकळायला लावलं, आणि वाडीच्या टोकाला एक खोली होती ती आजाऱ्यांसाठी धुऊन काढली. त्या खोलीत पहिल्यांदा गेले पांडूतात्या. ऐंशीच्या पुढचे, आधीच खंगलेले. ते गेले ते तिथेच गेले. बाकीचे दोघं बरे होऊन आले खरे, पण त्यांची आठवण कुणी ठेवली नाही. टोकाची खोली म्हणजे वरची वाट, हे म्हाताऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

साथ काही हटेना. दामूभाऊंची झोप उडाली. ते मला म्हणाले, "ताई, कुणीतरी आजार लपवतंय."

"कशावरून?"

"संडासाच्या वाटेवर पहाटेपासून पावलं वाजतात. आणि विचारलं की सगळेच ठणठणीत."

मग त्यांनी जे केलं ते त्यांनाच सुचावं. माझ्याकडून धुण्याची नीळ मागून घेतली, खोबरेलात घट्ट कालवली, आणि पहाटे अंधारातच संडासाच्या कडीला आतून लिंपून आले. कुणाला अवाक्षर नाही. मलासुद्धा नाही! दुपारी जेवणं व्हायच्या आत त्यांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं आणि म्हणाले, "आता बघा."

अगंबाई, काय सांगू! पत्त्यांच्या कॅटातली राणी निळी. पिण्याच्या माठाचा काठ निळा, कारण वरून पिणारी ही सगळी सोवळी मंडळी पेला मात्र मनगटापर्यंत माठात बुडवायची. जपाच्या माळा निळ्या, दोघांच्या तपकिरीच्या डब्या निळ्या, एकाचं नाक निळं. देवघरात बाळकृष्णाच्या गालावर निळा ठसा. आप्पा ओरडले, "देवाला कुणी शिवलं?" आणि सगळ्यांच्या नजरा आप्पांकडे वळल्या. त्यांच्या उजव्या कानाची पाळी निळी होती. जानवं निळं होतं. कानावर जानवं अडकवून आत गेले होते, कडी काढून बाहेर आले, त्याच हातानं कानावरचं जानवं उतरवलं, मातीनं हात धुतला तो वरवर, आणि तडक पूजेला बसले. त्यांच्याच हातचं तीर्थ सगळ्यांनी घेतलं होतं.

मी हसून हसून पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात दामूभाऊ म्हणाले, "ताई, तुमच्या भाकरी बघा."

टोपलीतल्या वरच्या चार भाकरींच्या कडेला माझी बोटं उमटली होती. निळी. माझं हसू तिथंच थिजलं. त्या दिवसापासून मी त्यांना कधी उलटून बोलले नाही.

पण दामूभाऊ आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हते. ते जानकीबायकडे बघत होते. इतरांची बोटं निळी होती. जानकीबायचा अख्खा तळवा गडद निळा होता, पदराचं टोक निळं, कपाळावर घामाचा ओघळ पुसलेला तोही निळा. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे ओठ सुकले होते.

"जानकीबाय, सकाळपासून कितीदा गेलीस?"

तिनं तळवा पदराखाली ओढला. मग एकदम म्हणाली, "मी नाय जायची त्या खोलीत. पांडूतात्या आला का परत?"

"तुला इथं ठेवली तर आणखी चौघं पडतील."

"मंग मला दांडीला नेऊन टाका दर्यावर. पन त्या खोलीत नाय. मानसाचं ताट एकदा येगलं काडलं का ते परत पंगतीत येत नाय, मला ठाव हाय."

आप्पा जानवं मुठीत धरून खाली बघत होते. दामूभाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "आठ दिवस. नवव्या दिवशी तुझं ताट मी परत आणीन. मी स्वतः."

"शपथ घे."

दामूभाऊंनी शपथ घेतली. तेव्हा कुठं ती उठली, आणि तिला धरायला पहिला हात दामूभाऊंचाच पुढं झाला.

ते आठ दिवस आमच्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेले. डॉक्टर सायकलवरून येऊन सुई टोचून गेले आणि म्हणाले, पोटात पाणी टिकलं पाहिजे, बाकी तिच्या नशिबावर. दामूभाऊ घटकाघटकाला चमच्यानं शहाळ्याचं पाणी घालायचे, मीठ घातलेली पेज पाजायचे, हात धुवायचे, पुन्हा पाजायचे. तिचा मुलगा तारापूरहून आला, त्याला त्यांनी खिडकीतूनच आईला बघू दिलं. तो चिडला, नाही नाही ते बोलला. दामूभाऊंनी ऐकून घेतलं.

पाचव्या दिवशी दुपारी मी पेज घेऊन गेले. दामूभाऊ खोलीच्या पायरीवर बसले होते, पाठ माझ्याकडे. आतून जानकीबायचा बारीक आवाज आला, "दामू, तू खोटं तर नाय ना बोललास? ताटाचं?"

"नाय."

"तुला काय ठाव, येगलं ताट म्हंजे काय ते."

दामूभाऊ बोलायला लागले, आणि बोलता बोलता त्यांची मुंबई गळून पडली, शिरगाव बाहेर आलं. "मला ठाव हाय, बाय. मला क्षय झालेला. दीड वरीस दवाखान्यात होतो. बरा झालो, घरी आलो. वहिनीनं माझं ताट मोरीपाशी कोनाड्यात ठेवलं. मी म्हटलं, बरोबर हाय, घरात पोरं हायत. मग डॉक्टरची चिठ्ठी आणली, हा माणूस बरा झालाय, याच्याबरोबर जेवायला हरकत नाय म्हणून. भावानं वाचली. बरं झालं म्हणाला. दुसऱ्या दिवशी ताट कोनाड्यातच. चार वर्षं कोनाड्यातच. पोरं जवळ आली तर वहिनी हाक मारायची. कुणी वाईट बोललं नाय हो, कधीच नाय. वेगळं ठेवायला सगळ्यांना येतं. परत घ्यायचं कुणाला सुचत नाय."

मी पेजेचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिले. मला माझीच लाज वाटली. दामूभाऊ आमच्याकडे येऊन वर्ष होऊन गेलं होतं. ते सगळ्यांची जेवणं झाल्यावर मागच्या दारी येऊन डबा भरून घ्यायचे आणि विहिरीपाशी एकटे बसून जेवायचे. मला वाटायचं, स्वच्छतेचं खूळ, दुसरं काय! एकदाही तोंडातून निघालं नाही माझ्या, की आत या, बसा.

जानकीबाय जगली. हाडाची कोळीण ती, मरतेय कसली! नवव्या दिवशी दामूभाऊंनी तिचं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ताट आणि पेला माझ्या मोठ्या हंड्यात टाकून उकळवलं, राखेनं घासलं, पुन्हा उकळवलं. मग ओसरीवर सगळ्यांच्या देखत ते ताट इतर ताटांच्या चळतीत घातलं आणि अख्खी चळत खालीवर केली, दोनदा, तीनदा.

"आता दाखवा, यातलं जानकीबायचं कुठलं?"

सगळी ताटं एकसारखी. कुणालाच सांगता येईना. आप्पांनी चष्मा पुसून पाहिलं, त्यांनाही सांगता येईना.

मी पाट मांडले, ताटं वाढायला घेतली. जानकीबाय नवं लुगडं नेसून आली आणि आपल्या नेहमीच्या जागी बसली. तिच्या डावीकडची म्हातारी जराशी सरकली. उजवीकडच्यानं पाटच उचलला आणि पलीकडे नेला. वाईट कुणीच बोललं नाही. जानकीबायनं ते पाहिलं. ताटातल्या भाताकडे बघत ती मान खाली घालून बसून राहिली, हात मांडीवर.

दामूभाऊ दाराशी उभे होते. त्यांनी हात धुतले, चांगले कोपरापर्यंत. मग ओसरीवर आले, उजवीकडची जागा मोकळी झाली होती तिथं एक पाट ओढला, आणि जानकीबायच्या शेजारी मांडी घालून बसले. इतके जवळ, की गुडघ्याला गुडघा लागला.

मी चळतीतलं एक ताट घेतलं, हाताला येईल ते. भात वाढला, वरण घातलं, सुक्या खोबऱ्याची चटणी घातली. दामूभाऊ ताटाकडे नुसते बघत होते. जानकीबाय म्हणाली, "जेव की रं, निवल."

दोघं जेवायला लागले. हळूहळू इतरही लागले. दामूभाऊ मान वर न करता जेवत होते, भराभर, पोटात खड्डा पडल्यासारखे. ताट रिकामं झालं तशी मी भाताचं पातेलं घेऊन पुढे झाले.

"वाढू का, भाऊ?"

"नको, ताई. झालं."

पंगतीत पोट भरलं की माणूस ताटावर आडवा हात धरतो. दामूभाऊंनी हात धरला नाही. नको म्हणाले, आणि ताट दोन बोटं माझ्याकडे सरकवलं.

मी वाढलं. पुन्हा विचारलं, ते पुन्हा नको म्हणाले, मी पुन्हा वाढलं.